काइ म्हणजे जेवण, असं तू सांगितलं होतंस

प्रिय वैशू,

आज आखाजी झाली, कॅलेंडरातली अक्षय तृतीया. भांडी घासून पालथी घातली, चुलीवर पाणी मारलं आणि हे लिहायला बसले. चौथीनंतर मी पेन धरला तो फक्त सही करायला. तेव्हा अक्षराला हसू नको.

फोनवर बोलले असते. तुझा नंबर मी पुसलेला नाही. पण लावला की एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि गप होते. दर वेळी तीच बाई, तेच बोलणं. तिला शिव्या देऊन झाल्या, तिला कळत नाही.

लिहायचं डोक्यात घातलं ते तुझ्या न्यूझीलंडच्या अरोहानं. ती म्हणाली, त्यांच्या माओरी लोकांत माणूस गेलं की त्याला एकटं सोडत नाहीत. पेटीजवळ बसतात आणि त्याच्याशी बोलतात. त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशी. तू आम्हाला हसवायचास, तू माझी सायकल परत दिली नाहीस, असं तोंडावर सांगतात. भांडतातसुद्धा म्हणे. मला ते पटलं. आपल्याकडे माणूस गेलं की जो तो त्याच्याबद्दल गोड बोलायला लागतो, जसा काही तो बहिरा झाला. मला तुझ्याशी गोड बोलायचं नाही. मला भांडायचं आहे.

पहिलं भांडण हेच, की तू उपाशी का गेलीस?

तुला जेवायला घालायची माझी रीत जगावेगळीच होती. बाकीच्या माया पोरींना हातानं भरवतात. मी मिरचीच्या पथारीवर जायचे. नंदुरबारच्या त्या मोकळ्या माळावर लाल मिरचीचं अंथरूण नजर जाईल तिथवर, आणि मध्ये आम्ही बाया तोंडाला फडकं बांधून देठं खुडत बसलेल्या. घरी येऊन हाताला तेल चोळा, ताक चोळा, राख चोळा, आग जात नाही. एकदा तुला हातानं घास दिला, तर ओठ सुजले तुझे. त्या दिवसापासून मी तुला चमच्यानं भरवलं. तोच तो, दांड्यावर फूल असलेला स्टीलचा चमचा. शेजारची कोकिळा म्हणायची, "कलेक्टरनी पोर शे का वं, चमचावर जेवस?" तू मोठी झालीस तरी वरणभात चमच्यानंच खायचीस. मला बरं वाटायचं. वाईटही वाटायचं. हाताची चव तुला माहीतच नव्हती ना माझ्या.

मग तू नर्सिंग शिकलीस आणि थेट न्यूझीलंडला गेलीस, म्हाताऱ्या माणसांच्या घरात नोकरीला. तिकडे तुझी दुपार व्हायची तेव्हा इथं माझी सकाळ असायची. मी भाकरी थापत असायचे, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. माझा पहिला सवाल ठरलेला. "जेवनी का वं?" आणि तुझं उत्तर ठरलेलं. "हा माय, जेवनू." काय जेवलीस विचारलं की पाव, नाहीतर पावातच घातलेलं काहीतरी. पाव काय जेवण आहे? पण खोटं बोलायची नाहीस. न जेवता जेवले म्हणालीस तर मला आवाजावरून कळायचं.

एक दिवस मी तोच सवाल केला आणि तू म्हणालीस, "माय, काइ व्हयी गयं." आज अरोहानं बोलावून वाढलं, असं म्हणालीस. तुमच्या स्वयंपाकघरातली ती मोठी बाई, माझ्याच वयाची, कानाच्या मागे फूल खोचणारी. ती दाराशी उभी राहून एकच हाक मारते, काइ, आणि सगळे ताटाकडे धावतात. माओरी भाषेत काइ म्हणजे जेवण. आपल्या काय सारखं वाजतं, पण नातं काही नाही, असंही तूच सांगितलंस. मी म्हटलं, नातं नसू दे, पोटात गेलं ना?

त्या दिवसापासून तुला तो शब्दच लागला. रोज त्याचं काहीतरी नवं. ताटातलं अन्न ते काइ, आणि खाणं तेही काइ. समुद्रातलं मासळी-शिंपल्याचं अन्न, त्यालाही पुढे समुद्र जोडून काइमोआना. आणि अरोहाचं म्हणणं असं, की झाकून ठेवलेलं, पडून राहिलेलं, कुणी न खाल्लेलं अन्न, त्याला काइ म्हणायला तिची जीभ वळत नाही. माणसाच्या तोंडात गेलं की ते काइ झालं. मला ते ऐकून अरोहा आवडली. शिळ्या भाकरीचा चिवडा करणाऱ्या बाईला असली माणसं आवडणारच.

मग त्या शब्दाचं कुळ काढलंस. तो शब्द त्यांच्या देशापेक्षा जुना आहे म्हणालीस. त्यांचे जुने लोक मोठमोठ्या होड्यांतून समुद्र तुडवत आले. होड्यांत काय काय आणलं? रताळी आणली, कुत्री आणली आणि हा शब्द आणला. मागं राहिलेल्या बेटांवर अजून तोच शब्द आहे. कुठे काइ, कुठे क गळून नुसतं आइ. शिकलेले लोक त्याचा माग काढत काढत पार तैवान म्हणून कुठलंसं बेट आहे तिथपर्यंत गेले. हजारो वर्षांपूर्वी तिथं कएन असा काहीतरी शब्द होता, खाणं या अर्थाचा, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या मागे कुणाला दिसत नाही. "तिथून पुढं धुकं शे, माय," असं म्हणालीस.

मी म्हटलं, "बयो, तू म्हाताऱ्यांची सेवा कराले गयी का शब्दनं कुळ काढाले गयी?"

तू खूप हसलीस. म्हणालीस, एवढ्या समुद्रात, एवढ्या पिढ्यांत हा शब्द बुडाला कसा नाही, हे अरोहाला विचारलं. तर ती म्हणाली, रोज कुणीतरी कुणालातरी हाक मारतं ना जेवायला, म्हणून. आजीनं आईला मारली, आईनं लेकीला. मध्ये एक दिवससुद्धा खंड नाही. आणि मग तू मला विचारलंस, "माय, आपला जेवनचं मूळ कोठे शे?" मी म्हटलं, "चूलमा." आणि फोन ठेवला. पथारीवर जायची वेळ झाली होती, मुकादम ओरडला असता.

दोन मिनिटं जास्त बोलले असते तर काय मिरची सडणार होती?

दिवाळी होऊन गेली होती. पथारीवर नवी मिरची पडली होती. तुझ्या पप्पांच्या फोनवर फोन आला, ते पथारीवर सांगायला आले. तू रात्रपाळी करून सकाळी घरी निघालीस, रस्ता ओला होता, समोरून ट्रक. एवढंच. मी हातातलं देठ तसंच धरून उभी होते. बाया म्हणाल्या, डोळ्याला हात लावू नको, हाताला मिरची आहे. रडायचं तरी कसं? मी हात वर करून रडले, वैशू. नवसाला उभी राहिल्यासारखी.

तुला इथं आणता आलं नाही. तिथंच सगळं केलं. अरोहा आणि तिच्या घरची माणसं तुझ्याजवळ बसून राहिली. फोनवर दाखवलं त्यांनी. केस विंचरलेले, पांढरी चादर, आणि शेजारी ती मोठी बाई तुझ्याशी बोलतेय. मला एक अक्षर कळलं नाही. मग राख आली. ती तुझ्या पप्पांनी आणि तुझ्या मोठ्या आबांनी, म्हणजे माझ्या जेठांनी, प्रकाशाच्या घाटावर नेऊन तापीत सोडली. मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. मी वर पायरीवर बसले होते, दुसऱ्या कुणाच्या तरी दहाव्याचे कावळे बघत. त्यांना किती घाई असते, बघितलंस ना?

नंतर अरोहाचा फोन आला. मध्ये बोलायला कोकिळाची प्रज्ञा बसली. पोरगी कॉलेजात आहे, इंग्रजी समजतं, पण नाक ओढत ओढत सांगत होती त्यामुळे मलाच तिला पाणी द्यावं लागलं. मी प्रज्ञाला म्हटलं, अरोहाला एकच विचार. बाकी मला काही नको. विचार, माझी पोर त्या सकाळी जेवून निघाली होती का?

प्रज्ञानं विचारलं. मग अरोहा हळू काहीतरी बोलली, आणि प्रज्ञा माझ्याकडे बघेना.

"सांग," मी म्हटलं.

"नही जेवनी, काकू. अरोहानी हाक मारेल व्हती. काइ म्हनीसन. पन ताई म्हने, आज नको, घर जाईसन झोपस, उठीसन खाई लिसू."

खोटं सांगितलं असतं तर त्या बाईचं काय गेलं असतं? पण नाही सांगितलं. मीही नसतं सांगितलं.

झोपून उठून खाणार होतीस तू. असं कुणी करतं? पाच मिनिटं लागतात दोन घास खायला. ती दाराशी उभी राहून बोलावत होती ना? हजारो वर्षं जी हाक चालली, मध्ये एक दिवस खंड पडला नाही म्हणालीस, तिला नको म्हणून तू निघालीस. तुझं कौतुक करू आता?

अरोहा पुढं बोलत होती. म्हणाली, आम्ही तुमच्या पोरीला सांगितलं आहे, जा, तुझ्या आईकडे जा, तुझ्या माणसांत जा. आमच्यात असंच सांगून पाठवतात. मग म्हणाली, त्यांच्याकडे मेलेल्या माणसाजवळ अन्न नेत नाहीत. काइ जिवंताचं. सगळं आटोपलं की बाहेर येऊन हात पाण्यानं धुवायचे आणि सगळ्यांनी मिळून जेवायला बसायचं. ते जेवण पोटात गेलं की माणूस मेलेल्याकडून उठून जिवंतांत परत येतो. आम्ही तुमच्या पोरीचं ते जेवण जेवलो, पण आई जेवल्याशिवाय ते पुरं होत नाही. तुम्ही जेवलात का?

मी प्रज्ञाच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मला परत कुठं यायचं नव्हतं. आणि मेलेल्याला अन्न नाही म्हणजे काय? आपल्याकडे उलटं आहे. आपल्याकडे मेलेल्याच्या आधी जिवंतानं खायचं नाही.

आठवतं ना? आखाजीपर्यंत आपल्या घरात आंब्याला तोंड लावत नाहीत. आधी पितरांची घागर भरायची, घागरीवर आंबा ठेवायचा, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून त्यांची आगारी करायची, नाव घेऊन बोलवायचं, आणि मग आपण आंबा खायचा. तू सहावीत असशील. बाजारातून आणलेल्या आंब्यांतला एक उचललास आणि कोठीमागे बसून खाल्लास. कोय उंदरानं नेली म्हणालीस. तोंडाला रस, फ्रॉकला रस. मी एक रट्टा दिला आणि म्हटलं, पितरांच्या आधी खातेस? तू म्हणालीस, त्यांना दात कुठं आहेत? तुझ्या पप्पांना तोंड फिरवून हसावं लागलं.

यंदा मी आंबा आणला आणि झाकून ठेवला. तुझ्यासाठी. ज्या पोरीला आधी खाल्ला म्हणून मारलं, आता तिलाच आधी द्यायचा. देवानं ही कुठली रीत काढली?

आखाजी जवळ आली तशी मी घरात सांगितलं, वैशूची घागर भरायची. तुझे मोठे आबा आलेले होते, आपल्या ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"कुवारी पोरनी कसानी घागर?" ते म्हणाले. लगीन झालेली पोर असली तर सासरचे भरतात. लगीन न झालेल्या पोरीची कुणीच भरत नाही. ती कुठल्याच कुळात पितर होत नाही. सुतक धरलं, अस्थी सोडल्या, संपलं. ते रागानं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. तुला त्यांनी खांद्यावरून जत्रा दाखवली आहे. रीत सांगत होते.

मी जेठासमोर आजवर पदर सोडून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "ती उपाशी गयी," मी म्हटलं. "कोणता कुळमा जास ते मी नही इचारत. मन्ही पोर उपाशी शे."

त्यांच्या अडकित्त्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. म्हणाले, तुला करायचं ते कर, पण आगारी टाकायला मी येणार नाही, आणि पाटावर बसायला तुला कोण मिळतं ते बघ.

पाटाचं बरोबर बोलले ते. घागर भरायची म्हणजे नुसतं पाणी ठेवणं नाही. गेलेल्याच्या जागी कुणाला तरी जेवू घालायचं असतं. बाप्या असेल तर बाप्या बोलवायचा, बाई असेल तर सवाशीण. त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, आणि गेलेलं माणूस समजून पोटभर वाढायचं. तो जेवला म्हणजे ते जेवले. कुवारी पोरीच्या जागी कुवारी पोर लागणार. कोण देणार?

तुझ्या पप्पांनी मला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी कुंभाराकडून नवी घागर आणली, ओट्यावर ठेवली, आणि तुझ्या मोठ्या आबांच्या घरी निघून गेले. आज जेवायलाही तिकडेच होते. घागर आणली तेवढी पुरे. वाजवून बघून आणली होती, कुठं तडा नव्हता. तेवढं तुझ्या बापाला येतं.

आज पहाटे उठून पुरण वाटलं. खापरावर मांडे टाकले, तुला आवडायचे तसे पातळ, कडेला जरा करपलेले. सांजोऱ्या तळल्या, कुरडया तळल्या, आमरस केला. रसाचं बोटसुद्धा चाटलं नाही. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, दोन आंबे ठेवले. पाट मांडला, ताट वाढलं. ताटाजवळ तुझा चमचा ठेवला.

मग पोर आणायला निघाले. गल्लीत पोरी काय कमी आहेत? पण पहिल्या दारात मला बघून पोरीला आत पाठवलं, दुसऱ्या दारात पोरीला ताप होता, आणि त्या तापातली पोर मागच्या अंगणात झोका खेळताना मला दिसत होती. आखाजीचा झोका. मी पुढे गेले.

शेवटी कोकिळाकडे गेले. प्रज्ञा लगेच उठली. नवा ड्रेस घातलेला होता तिनं. म्हणाली, काकू, मी येते, ताईच्या जागी मी बसते. चपलेत पाय घातले तिनं. आणि कोकिळानं तिचा हात धरला.

"राग मानू नको, वहिनी," कोकिळा म्हणाली. "पोरनं लगीन जमाडानं शे. मन्हा जीव धजस नही."

डोळ्यात पाणी होतं तिच्या. तुला मांडीवर खेळवलंय तिनं. मी नसताना तुझ्या तोंडात घास घातलाय, हातानं. मी म्हटलं, राग कसला? आणि खरंच आला नाही, वैशू. कुणी माझ्या दाराशी येऊन म्हणालं असतं की आमची पोर मेली, तुमची तिच्या जागी बसवा, तर मी तुला कडी लावून कोंडलं असतं. वर त्या बाईला चार गोष्टी सुनावल्या असत्या.

घरी आले. ताटातला रस जरा काळा पडायला लागला होता. मांडे वाळत होते. चुलीतले निखारे पुढं ओढले, तूप सोडलं, घास टाकला, आणि तुला नाव घेऊन हाक मारली. बायका आगारी टाकत नाहीत. मग मी कोण आहे? दुसरं कुणी होतं का घरात?

खरं सांगू? काही झालं नाही. धूर सरळ वर गेला, पत्र्याला लागला आणि पसरला. मला वाटलं होतं, काहीतरी कळेल. दार हलेल, चिमणी येईल, निदान अंगावर काटा येईल. काही नाही. अरोहा तर म्हणाली होती, आईकडे जा असं सांगून पाठवली आहे. मग आलीस का नाही? वाट चुकलीस? की मधल्या समुद्रात कुठं अडकलीस? होड्यांतून शब्द येतात म्हणालीस, पोरी येत नाहीत का?

ताटाकडे बघत बसले. आणि मला तुझ्या त्या बाईचं बोलणं आठवलं. पडून राहिलेलं अन्न काइ नव्हे. कुणी खाल्लं तर काइ. समोर पुरणाचा मांडा होता, रस होता, कुरडई होती, सगळं पहाटेपासून राबून केलेलं, आणि कुणी खाल्लं नसतं तर संध्याकाळी गायीला टाकावं लागलं असतं. तुझं पहिलं ताट, आणि गायीला?

मी उठले. हात धुतले, कोपरापर्यंत, ती माणसं धुतात तसे. पायावर पाणी घेतलं. आणि तुझ्या पाटावर बसले.

आईनं पोरीच्या पाटावर बसायचं नसतं. मला माहीत आहे. तुझ्या मोठ्या आबांना कळेल तेव्हा ते सुपारी थुंकतील. पण तुझी जागा घ्यायला गावात दुसरं कुणी धजलं नाही, आणि माझ्याकडून आता कुणी काय काढून घेणार आहे? मला काय होणार, मरेन? त्याची भीती पोरीचं लगीन जमवायचं असलेल्या बायांना.

आधी आंबा खाल्ला. यंदाचा पहिला. मग मांडा रसात बुडवून खाल्ला. चमचा उचलला आणि परत ठेवला. हातानं खाल्लं. पथारी कधीच उठली आहे, हाताला आग नाही. बघ ना, आता हात बरे आहेत आणि भरवायला कुणी नाही.

गोड लागलं नाही. काही लागलं नाही. पण पूर्ण ताट खाल्लं, ताटाला लागलेलं पुरणसुद्धा पुसून खाल्लं. तू म्हणायचीस तसं, काइ व्हयी गयं.

तुझं पोट भरलं का, मला माहीत नाही. अरोहाचं म्हणणं, मी जेवले म्हणजे मी परत आले. मला तर तसं काही वाटत नाही. तापीच्या ज्या पायरीवर बसले होते तिथंच आहे. ती बाई चांगली आहे, पण तिच्या रीतीनं माझं काही सुटलं नाही आणि आपल्या रीतीनंही नाही. दोन्ही करून बघितल्या.

थोड्या वेळानं तुझे पप्पा आले. रिकामं ताट बघितलं, पाट बघितला. कोण बसलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, वैशू जेवली. त्यांनी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. लग्न झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदा ताट उचललं असेल.

आता हे मी तुला तोंडावर सांगते. मी आहे तोवर दर आखाजीला तुझी घागर भरीन. कुणाच्या दारात जाणार नाही, कुणाच्या पोरीला त्रास देणार नाही. तुझ्या पाटावर मीच बसेन. तुझ्या आधी आंब्याला तोंड लावणार नाही. दात पडले तरी कोय चोखीन, पण ताट पडून राहू देणार नाही. माझ्यामागं कोण करेल? कुणी नाही. ते मी तुला खोटं सांगत नाही. माझ्यामागं तुला हाक मारणारं कुणी नाही, तेव्हा मी आहे तोवर जेवून घे.

आणि उद्या सकाळी भाकरी थापताना फोन डब्याला टेकवून ठेवीन, सवयीनं. ती इंग्रजी बाई बोलली तर बोलू दे. मी विचारणारच.

जेवनी का वं?

तुन्ही माय